रेघेच्या दोन्ही बाजू

माझा धंदा काय, हे माझ्या सासुरवाडीला शेवटपर्यंत नीट कळले नाही. डॉक्टर म्हटला की नाडी, वकील म्हटला की काळा डगला आणि मास्तर म्हटला की छडी डोळ्यांपुढे येते. पण 'नगररचनाकार' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. माझे सासरे पुष्कळ वर्षे मला इंजिनिअर समजत आणि पाहुण्यांना तशीच ओळख करून देत. पुढे मी पूल बांधत नाही, धरण बांधत नाही, इतकेच काय स्वतःचे घरही बांधलेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा "सरकारात नकाशे रंगवतात" अशी त्यांनी दुरुस्ती केली. ती अगदीच खोटी नव्हती. राहत्या वस्तीला पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा आणि शेतीला हिरवा, असे रंग भरण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. शेजाऱ्यांची समजूत मात्र जास्त व्यावहारिक होती. त्यांच्या मते मी गॅलरी बंद करण्याची परवानगी मिळवून देणारा मनुष्य होतो; आणि ती मी कुणालाच मिळवून न दिल्यामुळे निरुपयोगी मनुष्य होतो.

अशा माणसाला निवृत्तीनंतर बोलावणे आले. खात्यात नव्याने लागलेल्या मुलामुलींना दोन दिवस शिकवायचे. विषय, 'कायदा व कामकाजातील परस्परसंबंध'. पत्र वाचून आमच्या सौभाग्यवती हसू आवरीनात.

"परस्परसंबंध? आणि तुम्ही शिकवणार? अहो, समोरच्या बिऱ्हाडाशी तुमचं अकरा वर्षं बोलणं नाही!"

"त्यांनी गॅलरी बंद केली, म्हणून," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. कायदा तुम्हीच शिकवा, दुसऱ्या विषयाला दुसरा कुणी बोलवायला सांगा."

तिचे म्हणणे थट्टेचे असले तरी पुष्कळ शहाणी माणसेही असेच समजतात, की कायदा हा एक विषय आणि माणसांशी जमवून घेणे हा दुसरा. माझा पुतण्या अमेरिकेत याच धंद्यात आहे. तिकडे प्रमाणपत्रधारक नगररचनाकाराला ते टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी ३२ तासांचे शिक्षण घ्यावे लागते, आणि त्यात कायद्याचे व व्यवसायनीतीचे तास वेगळे काढून ठेवलेले असतात. चांगली पद्धत आहे. आपल्याकडे माणूस एकदा नोकरीत शिरला की पुढचे शिक्षण त्याला हेडक्लार्क देतो, पक्षकार देतात आणि अखेरीस हायकोर्ट देते. पण मी ज्या रस्त्याने आलो तिथे हे दोन विषय कधी वेगळे निघालेच नाहीत.

पहिल्या दिवशी वर्गात पाहतो तो तीस-पस्तीस तरुण चेहरे, प्रत्येकापुढे संगणक. आमच्या वेळी ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून कंबर धरायची, आणि अमोनिया प्रिंटच्या वासाने डोळ्यांना पाणी यायचे, घरी आल्यावर बायको विचारी, "आज कोण रागावलं?" ही मुले उपग्रहाच्या छायाचित्रावर बसल्या जागी रेघ ओढतात. रेघ चुटकीसरशी उमटते, चुटकीसरशी सरकते. तिच्याखाली घर आहे की गोठा, हेही दिसते. फक्त घरातले माणूस दिसत नाही. पण तो काही संगणकाचा दोष नव्हे, आमच्या ट्रेसिंग कापडावरही ते दिसत नव्हते.

त्यांना मी थोडा इतिहास सांगितला. या देशातला नगररचनेचा पहिला कायदा आपल्या मुंबई इलाख्याचा, १९१५ सालचा. त्यात सबंध शहराचा आराखडा नव्हता. आडव्यातिडव्या जमिनी एकत्र करून, रस्ते काढून, नीट आकाराचे भूखंड मालकांना परत करायचे, एवढीच योजना होती. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर सबंध गावाची विकास योजना करण्याचे बंधन आले, आणि १९६६ साली आजचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. लोक ज्याला 'डी.पी.' म्हणतात तो याच कायद्यातून येतो. वाचकांपैकी कुणाच्या प्लॉटवर शाळेचे, बागेचे वा रस्त्याचे आरक्षण पडले असेल तर त्यांना हे सांगण्याची गरज नाही. त्यांना कलमांचे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. मोजणी होते, विद्यमान भूवापराचा नकाशा होतो, प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठरल्या मुदतीत हरकती घेता येतात. त्या ऐकायला समिती बसते. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना वा पर्यावरण जाणणारे जास्तीत जास्त चार जण. मग सरकारची मंजुरी. छापील कायद्यात हे सारे चार-सहा पानांत उरकते. जागेवर त्याला कित्येक वर्षे लागतात, आणि तेवढ्यात मुले मोठी होऊन त्यांची लग्ने होतात.

हे सांगून झाल्यावर मी कायद्याचे पुस्तक मिटले आणि त्यांना एका बाईंची हकीकत सांगितली. १९८० च्या सुमाराची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातले एक तालुक्याचे गाव. नाव सांगत नाही. गावठाणातला सहा मीटरचा रस्ता बारा मीटर करायचा होता, आणि वाढीव सहा मीटर सगळेच्या सगळे दक्षिणेच्या बाजूने घेतले होते. सुनावणीच्या दिवशी सत्तरीच्या एक विधवा बाई आल्या. हातात पिशवी; पिशवीत सासूच्या वेळेपासूनच्या घरपट्टीच्या पावत्या, सुतळीने बांधलेल्या. समितीचे अध्यक्ष घाईत होते; त्यांना दुपारी कुठे लग्नाला जायचे होते.

बाई म्हणाल्या, "रस्ता करा बाबा, माझी ना नाही. पण सगळा माझ्याच दारातनं का? समोर काय आभाळ आहे का?"

खोलीत कुणी बोलेना. त्यांच्या आधी एका बड्या वकिलांनी अर्धा तास इंग्रजीतून समानतेचे मूलभूत हक्क सांगितले होते आणि मंडळी जांभया देत होती. बाईंनी तेच एका वाक्यात विचारले. समोर आभाळ नव्हते. समोर गावातल्या एका वजनदार गृहस्थांची दुकाने होती.

आता या ठिकाणी कायदा मला एवढेच सांगत होता की हरकत ऐकून घ्या. ऐकून घेतली, नोंद केली, फेटाळली, की काम संपले. पुढचे जे घडले ते चहामुळे घडले. कोणत्याही गावी गेलो की आधी नगर भूमापन कार्यालयात जाऊन तिथल्या भूकरमापकाबरोबर चहा घ्यायचा, हा माझा रिवाज होता. तो रुबाबाला शोभत नाही असे आमच्यातले काही जण म्हणत. पण जमिनीची कुंडली ज्याच्या कपाटात आहे त्याला आपण शिपायाकरवी 'हजर राहावे' म्हणून कळवायचे, आणि मग त्याने कपाट उघडावे अशी अपेक्षा करायची, हे मला कधी पटले नाही. या गावचे भूकरमापक निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ होते. सुनावणीत ते मागच्या बाकावर बसले होते. बाईंचे वाक्य ऐकून उठले, कार्यालयात गेले, आणि चौकशी नोंदवही व जुना भूमापन नकाशा घेऊन आले. माझ्यापुढे ठेवून हळूच म्हणाले, "समोरचे ओटे आणि दुकानांच्या फळ्या जरा पुढे आल्या आहेत, साहेब. बरीच वर्षं झाली."

जागेवर फीत धरली. 'जरा' म्हणजे दोन मीटर. रस्ता कागदोपत्री आठ मीटरचा होता. दोन मीटर समोरच्या बाजूने गिळले होते. म्हणजे बारा करायला सहा नव्हे, चारच मीटर लागत होते; आणि दोन्ही बाजूंना निम्मेनिम्मे वाटले तर बाईंचे दोन मीटर जात. सहा गेले असते तर पुढची खोली, माजघर आणि देवघर गेले असते. दोनात नुसता ओटा जात होता.

समितीने तशी शिफारस केली. अध्यक्षांचे लग्न चुकले, त्याचे मला अजून वाईट वाटते. पण संध्याकाळी माझ्या वरिष्ठांनी मला बोलावले आणि सांगितले, "अहवालात ते दोन्ही बाजूंचं कशाला घालता? हरकत फेटाळावी, एवढंच लिहा." त्यांचा सूर रागाचा नव्हता. थोरल्या भावाने सांगावे तसे सांगितले. मी म्हणालो, "समितीनं ऐकलं ते असं आहे. आपलं मत वेगळं असेल तर आपण शेरा लिहावा, मी अहवालाबरोबर जोडतो." शेरा आला नाही. अहवाल होता तसा गेला. चार महिन्यांनी माझी बदली आली, ऐन सहामाहीच्या तोंडावर, चारशे किलोमीटरवर. सौ.ने एका अक्षराने विचारले नाही, फक्त पाटा-वरवंटा बारदानात बांधताना म्हणाली, "त्या बाईंचं घर राहिलं का?" राहील असे वाटते, मी म्हणालो. "मग आपलं हलायला हरकत नाही."

मंजुरी येईपर्यंत बाई नव्हत्या. ओटा गेला. देवघर आहे.

ही हकीकत ऐकून वर्गातला एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "पण सर, यात कायदा कुठे आला?" मी म्हटले, बाईंना बोलू दिले इथे आला. त्यांच्या प्रश्नाला उत्तर लागते, नुसती पोच लागत नाही, इथे आला. आणि समितीने ऐकले तेच अहवालात उतरले पाहिजे, इथे तर फारच आला. ऐकणारा एक आणि निकाल देणारा दुसरा असेल तर सुनावणी हा देखावा होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली आंध्रातल्या एका खटल्यात सांगून ठेवले आहे. खटला बसवाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाचा होता. पण त्याचे पाणी आमच्या प्रत्येक सुनावणीच्या खोलीत येऊन पोचते.

त्याहून माझा आवडता खटला मुंबईचा आहे. अंधेरीला एका गृहस्थांना सिनेमाचे थिएटर बांधायचे होते. पोलीस आयुक्तांनी १९४७ साली परवानगी दिली आणि दोन-अडीच महिन्यांत रद्दही केली; पत्रात लिहिले की सरकारच्या आदेशावरून कळवण्यात येते की परवानगी रद्द आहे. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५१ च्या नोव्हेंबरात निकाल लागला: नियमांनी अधिकार आयुक्तांना दिला आहे, तो त्यांनी स्वतःच्या बुद्धीने वापरला पाहिजे, दुसऱ्याचा हुकूम पोचवणे म्हणजे अधिकार वापरणे नव्हे. शिवाय, आपल्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून उपयोग नाही; हुकुमात जे शब्द आहेत त्यांवरूनच त्याचा अर्थ लागेल. गोरधनदास भानजी हे त्या गृहस्थांचे नाव, आणि कायद्याच्या पुस्तकांत ते सिनेमापेक्षा जास्त दिवस चालले आहे. हे सांगताच वर्गात प्रथमच सर्वांनी माना वर केल्या. सरकारी कचेरीत 'वरून आले आहे' या तीन शब्दांइतके वजन कोणत्याच कलमाला नसते, हे त्यांना सहा महिन्यांतच कळून चुकले होते.

अर्थात मी त्यांना बंडाची दीक्षा दिली नाही. धोरण ठरवण्याचा अधिकार सरकारचाच. १५४ व्या कलमाखाली सरकार नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकते, आणि ते पाळावे लागतात. पण निर्देश काढले की त्यावर तारीख पडते, जावक क्रमांक पडतो, सही पडते. कानात सांगितलेल्या गोष्टीवर यांपैकी काहीच पडत नाही.

दुसरा दिवस मी कचेऱ्यांतल्या अबोल्यावर घालवला. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक १२७ व्या कलमाखाली नोटीस देऊ शकतो; त्या नोटिशीच्या मुदतीतही संपादनाचे पाऊल पडले नाही तर आरक्षण संपते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, २००९ साली बारा झाली, २०१५ पासून चोवीस आहे. पाऊल म्हणजे काय, यावर २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की जमीन संपादन करावी असे नुसते पत्र वर पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे. आता पाहा: मालकाची नोटीस येते नगरपालिकेत. संपादन करायचे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीने. पैसे मंजूर करायचे सभेने. नकाशा आमच्याकडे. चार कचेऱ्या, आणि बहुधा चौघांचे परस्परांशी बोलणे आवक-जावक बारनिशीतून. नस्ती एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते. वर कुणी लिहितो 'बोला', खाली कुणी लिहितो 'चर्चा केली'. काय चर्चा केली ते कुणी लिहीत नाही. घड्याळ चालूच असते. अशा तऱ्हेने गेलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. त्या कुणी लाच घेऊन विकल्या नव्हत्या. दोन कारकुनांनी एकमेकांना फोन केला नाही म्हणून गेल्या.

माझ्या एका कचेरीत एक हेडक्लार्क होते. लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही ते टेबलाच्या खणात ठेवीत. कोणत्या नोटिशीची मुदत कधी संपते, एवढेच तीत लिहिलेले. दर सोमवारी वही उघडून ते जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या आपल्या जोडीदाराला फोन करीत, आधी त्याच्या आईच्या दम्याची चौकशी करीत, आणि मग विषय काढीत. त्यांच्या काळात आमच्याकडचे एकही आरक्षण मुदतीअभावी गेले नाही. ते सांगत, "भांडायचं ते कागदानं भांडावं, पण कागदावर भांडल्यासारखं दिसू नये." मुलांनी हे वाक्य उतरून घेतले. वहीबद्दल त्यांनी सांगितले की आता संगणक आपोआप आठवण करतो. दम्याची चौकशी कोण करतो, ते मी विचारले नाही.

जेवणानंतर वर्ग पेंगू लागतो, म्हणून मी गेडीसची गोष्ट ठेवली होती. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटलंडचा पंडित १९१४ साली हिंदुस्थानात आला, पुढे १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होता. शहरे पाडण्यापेक्षा हलक्या हाताने दुरुस्त करावीत, असे त्याचे मत. होळकरांच्या इंदूरला तो कामाला गेला तेव्हा शहरात प्लेगाची दहशत होती, आणि नकाशे घेऊन गल्ल्यांतून हिंडणाऱ्या या गोऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहत. हा आता आपली घरे पाडणार. त्याच्या चरित्रकारांनी सांगितले आहे की त्याने दरबाराकडून एका दिवसापुरते महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक स्वतः आखली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवलेली असतील त्या! झाले, सारे इंदूर केरसुण्या घेऊन उठले. मिरवणुकीत प्लेगाचा राक्षसी उंदीर होता, आणि रस्ते झाडणारे सफाई कामगार शुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. त्यानंतर म्हणे गल्लीतून जाताना लोक त्याला ओळखीचे हसू लागले. १९१८ साली त्याचा इंदूर दरबारासाठीचा अहवाल छापून निघाला. पण मला वाटते त्याचा खरा अहवाल त्या दिवाळीत रस्त्यावर वाचला गेला.

वर्ग सुटल्यावर एक मुलगी थांबली. एका नगरपरिषदेत तिची पहिलीच नेमणूक. शाळेजवळचे मैदान प्रारूप आराखड्यात घेतलेले. वरिष्ठांनी तोंडी सांगितले होते की प्रसिद्धीपूर्वी ते अर्धे करा, उरलेले पिवळ्यात टाका. "नाही म्हटलं तर, सर, माझा परिवीक्षेचा काळ चालू आहे. घरी धाकटा भाऊ शिकतो आहे."

तिला धीर देणारे एखादे वाक्य मला सुचेना. १९७९ च्या वर्तणूक नियमांतला तिसरा नियम तिला उघडून दाखवला: वरिष्ठांचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी दिला तर हाताखालच्याने लेखी पुष्टी मागावी, आणि वरिष्ठाने ती द्यावी. मग बंगलोरच्या एका वस्तीतली बागेची जागा खाजगी रुग्णालयाला दिली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ती कशी परत मिळवून दिली, ते सांगितले. आणि नंतर तासभर बसून आम्ही दोघांनी टिपणी लिहिली. शाळेत मुले किती, मैदान किती, निम्मे केले तर निकषात किती कमी पडते, गावात दुसरी जागा कोणती. शेवटी तिचे मत. त्याखाली, 'मैदान निम्मे करण्याच्या आपल्या सूचनेसंदर्भात कृपया आदेश व्हावेत.' मूळ मसुद्यात तिने दोन कडक विशेषणे घातली होती. ती काढायला लावली. "साहेबांना हा कागद हातात घेताना राग येता कामा नये," मी म्हणालो, "वाचून झाल्यावर आला तर येऊ दे."

तिचा परवा फोन आला. साहेब तीन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. मग टिपणीवर शेरा आला: 'क्षेत्र निम्मे करावे.' खाली सही, तारीख. आराखडा तसाच प्रसिद्ध झाला. मैदान अर्धे, उरलेले पिवळे. शाळेच्या पालकांनी माहितीच्या अधिकारात टिपणीची प्रत मागितली, ती त्यांना रीतसर मिळाली, आणि हरकतींचा ढीग पडला आहे. साहेब आता तिच्याशी बोलतात, पण फक्त कामापुरते. भाऊ परीक्षेत पास झाला.

सुनावणी दिवाळीनंतरच्या आठवड्यात आहे. "तुम्ही याल का, सर?" तिने विचारले. समितीपुढे बोलण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, मी सांगितले. पण मागच्या बाकावर जागा असेल तर बसेन. गाडी पहाटे सहाची आहे. सौ.ने दशम्या करून द्यायचे कबूल केले आहे, आणि चार जास्त बांधणार आहे. त्या मुलीसाठी, आणि तिच्या साहेबांसाठीसुद्धा, असे तिचे म्हणणे आहे.